चौसष्ट डबे, एक मोबाइल

गेवराई तालुक्यात सुट्टीला जा, असं आजवर तुम्हाला कुणी सुचवलं नसेल. मलाही कुणी सुचवलं नव्हतं, मला सरळ पाठवलं. तेव्हा जे अजून गेले नाहीत आणि जाण्याचं फारसं कारणही नाही, अशा वाचकांसाठी हे लिहिते आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिते. बारा वर्षं पुण्यात एका खुर्चीत बसून लिहिते आहे. खुर्ची तीनदा बदलली, पाठ तीच आहे. आमची कंपनी शेतकऱ्यांसाठी ॲप बनवते, आणि कंपनीत शेतकरी म्हणावा असा एकच माणूस आहे, आमचे सर. त्यांनी मुळशीला फार्महाऊस घेतलं आहे. गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात माझ्यापुढे दोन प्रस्ताव आले. पहिला एका बँकेचा: पगार आत्ताच्या दीडपट, काचेची इमारत, फुकट कॉफी. दुसरा आमच्या सरांचा: वर्षभर बीड जिल्ह्यात राहायचं, ऊसतोडणीचं ॲप गावोगाव रुजवायचं आणि पगार आत्ताच्यापेक्षा थोडा कमी घ्यायचा, कारण "तिथे खर्च आहेच कुठे?"

कमी पगारात जास्त लांब का जायचं, असं मी विचारलं. सर म्हणाले, "ॲडव्हेंचर!" एचआरच्या मुलीने तेच जरा सजवून मेलमध्ये लिहिलं: पैशात मोजता न येणारा अनुभव. खाली नेहमीची ओळ होती की पगाराचा आकडा गोपनीय असून सहकाऱ्यांशी त्याची चर्चा करू नये. इतक्या कमी आकड्याची चर्चा मी आपणहून कशाला केली असती?

आईचं मत बँकेच्या बाजूने होतं. बाबांचं मत आईच्या बाजूने होतं. पण खरं सांगते, मला जावंसं वाटत होतं. बारा वर्षांत मी लिहिलेलं काही वापरणारा माणूस मी एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता. याचं मला वाईट वाटायचं, आणि सांगितलं तर लोक हसायचे. शेवटी असं ठरलं की तीन आठवडे बीडला राहून बघायचं आणि तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी बँकेला हो किंवा नाही कळवायचं.

बीड

बीडच्या बसस्थानकावर उतरून रिक्षात बसले. पहिला चौक यायच्या आत रिक्षावाल्याने गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि मग विचारलं, "पगार किती हाय?"

पुण्यात माझ्या शेजाऱ्यांना सहा वर्षांत माझं नाव विचारावंसं वाटलेलं नाही. मी म्हणाले, "ते गोपनीय असतं."

"कावून? चोरीचा हाय का?"

कंपनीचं जिल्हा कार्यालय म्हणजे एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरची खोली. खाली दिवसभर भरतीच्या परीक्षेची उत्तरं एका सुरात म्हटली जात होती. भारताच्या घटनेत कलमं किती हे मला आता झोपेतून उठवून विचारा. कार्यालयाचा सगळा कर्मचारीवर्ग आसाराम नावाच्या एका माणसात सामावला होता. वय पस्तिशीचं, स्वतःची जीप, कपाळाला गंध, दोन मोबाइल. मॅनेजर तोच, ड्रायव्हर तोच, आणि सरांच्या पॉवरपॉइंटमध्ये 'मजबूत स्थानिक टीम' म्हणून जो फोटो असतो तोही त्याचाच.

"मॅडम, तुमी इथं वरीसभर ऱ्हानार?" त्याने जीप चालू करता करता विचारलं.

"बघते आहे. अजून ठरलं नाही."

"पगार वाढवून देलाय का?"

"कमी केलाय."

आसारामने जीप बंद केली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा चालू केली. उमापूर येईपर्यंत तो माझ्याशी, घरात काही वाईट घडलेल्या माणसाशी बोलतात तसा, हळू आवाजात बोलत होता.

उमापूर

उमापूर मोठं गाव आहे. आसारामच्या घरी माडीवरची खोली मला मिळाली. त्याची बायको सुरेखा हिने पहिल्या दिवशी नाष्ट्याला सुशीला केली, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे, वर शेंगदाणे आणि भरपूर लिंबू. रात्री येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी. येसर हा भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्यांचा एक काळपट, खमंग प्रकार आहे. तो पुण्यात कुणी 'मिलेट ब्लेंड' म्हणून विकत नाही हे आश्चर्य आहे. मी सुरेखाला तसं सुचवलं. ती म्हणाली, "विकायचं कशाला? लागलं तर घिऊन जावा की." आमच्या व्यवसायाची एवढी मोठी चूक इतक्या सहज कुणी दाखवली नव्हती.

आता ॲपबद्दल दोन वाक्यं सांगते. ऊस कधी तोडायचा हे शेतकरी ठरवत नाही, साखर कारखाना ठरवतो. पूर्वी कारखान्याचा माणूस चिठ्ठी आणून द्यायचा. आता आमच्या ॲपवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जातो: तुमची पाळी परवा. निरोपाबरोबर चार आकड्यांचा ओटीपी येतो. तो दुपारच्या आत ॲपमध्ये भरला की पाळी पक्की. नाही भरला तर तोडणीची टोळी दुसऱ्या गावाला जाते आणि ऊस उन्हात वाळत उभा राहतो.

माझं पहिलं काम होतं नोंदी स्वच्छ करणं. माडीवर बसून मी तीन दिवस गावांच्या याद्या चाळल्या. चौथ्या दिवशी सकाळी मला एक गाव सापडलं. उमापूरच्या पुढे, आडबाजूला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण निघताना गावकऱ्यांनी बजावून सांगितलं होतं, "नाव लिव्हू नका ताई. न्हाईतर अजून कुनीतरी सॉफ्टवेअर घिऊन यील." तर त्या गावात ऊस लावणारे शेतकरी चौसष्ट. आणि चौसष्ट जणांचा मोबाइल नंबर एकच.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बारा वर्षांत असा ढळढळीत घोटाळा हाती लागला नव्हता. चौसष्ट बोगस नावं आणि मागे एकच माणूस. मी आसारामलाही विचारलं नाही, कारण तोही सामील असणार असं मी ठरवून टाकलं होतं. ॲपच्या नियमाप्रमाणे एका नंबरला एक शेतकरी, फक्त तो नियम आजवर कुणी तपासला नव्हता. मी चौसष्ट नोंदी एकत्र करून त्या नंबरच्या मालकिणीच्या नावावर एकच नोंद केली: मथुराबाई, ऊस सव्वाशे एकर. सरांना अहवाल पाठवला. सरांनी तीन टाळ्या आणि एक रॉकेट पाठवलं. त्या दिवशी ॲडव्हेंचरचं पारडं चांगलंच खाली गेलं होतं आणि बँकेची फुकट कॉफी मला अगदीच पाणचट वाटू लागली होती.

टेकाडावरची गिरणी

दुसऱ्या दिवशी घोटाळ्याचा सूत्रधार प्रत्यक्ष पाहायला निघाले. कालव्याच्या कडेने जाताना काळ्या मातीत माझा एक बूट रुतला. पाय वर आला, बूट आला नाही. आसारामने तो उपटून काढला आणि म्हणाला, "हितली जमीन लई मायाळू हाय मॅडम, सोडत न्हाई."

गावात शिरताना मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. फक्त गावाच्या टोकाला एक टेकाड आहे आणि तिथे उभं राहिलं की दोन काड्या येतात. टेकाडावर एकच इमारत, पत्र्याची पिठाची गिरणी. आत पन्नाशीच्या एक बाई, केसांपासून पापण्यांपर्यंत पांढऱ्या, पट्टा चालू-बंद करत उभ्या. खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल टांगलेला. सव्वाशे एकराच्या मालकीण मथुराबाई त्या याच.

त्यांच्यासमोर डबे होते. पत्र्याचे, स्टीलचे, एक रंगाचा रिकामा डबा सुद्धा, भिंतीला धरून ओळीने. कुठल्याच डब्यावर नाव नव्हतं. पण काहींच्या झाकणावर खडूने आकडे आणि एखादा शब्द लिहिला होता: 'परवा', 'बुधवारी', 'थांब'.

दारात किसनआप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. पागोटं मांडीवर, चेहरा चिंतेचा. मथुराबाईंनी मला पाहिलं आणि आसारामला विचारलं, "ह्याच का त्या पुन्याच्या?"

"व्हय, मावशी."

"मग ह्यास्नी इचार. सकाळधरून मोबाइलवर एकच निरोप यायलाय. अभिनंदन, तुमचा सव्वाशे एकर ऊस हाय म्हनं. माझं वावर कुठं हाय ते मला बी दावा म्हनावं. म्या तरी बगून येते एकदा."

पुढच्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते पुण्यात आणखी बारा वर्षं बसूनही कळलं नसतं, म्हणून सांगते. गावात रेंज नाही. निरोप कुणालाच मिळत नाही. म्हणून ॲप आलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की ज्या जागी रेंज आहे तिथल्या माणसाचा नंबर द्यायचा. पीठ तर प्रत्येकाला लागतंच. निरोप आला की मथुराबाई ओटीपी भरून टाकायच्या आणि त्या घरच्या डब्याच्या झाकणावर खडूने दिवस लिहायच्या. पिठाबरोबर निरोप घरी. घाईचं असेल तर पीठ न्यायला आलेल्या शेजारणीच्या डब्यावर लिहायचं. हे सगळं सुरळीत चालू होतं.

आणि एवढंच नाही. कारखान्याची यादी लागवडीच्या तारखेप्रमाणे असते. पण किसनआप्पांचं वावर आतल्या बाजूला आहे. पुढचा शेजाऱ्याचा ऊस निघाल्याशिवाय त्यांच्या वावरात गाडीच जात नाही. हे तारखेला कळत नाही. एखाद्या घरी लग्न, एखाद्या घरी बाळंतपण. मग लोक गिरणीत येऊन आपसांत बोलायचे आणि डबा मागेपुढे सरकवायचे. डबा सरकला की पाळी सरकली. मथुराबाई त्याप्रमाणे ॲपमध्ये हो-नाही करायच्या. ज्याला आम्ही पुण्यात काचेच्या खोलीत 'शेड्युलिंग इंजिन' म्हणतो आणि जे दोन वर्षं झाली तरी धड चालत नाही, ते इथे भिंतीला धरून उभं होतं.

"आता माझ्या नावाची पाळी कुठं हाय?" किसनआप्पांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "आप्पा, तुमचं नावच नाही. मी काढून टाकलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते आसारामकडे वळून म्हणाले, "काय बे आसाराम, पोरगी शिकलेली दिसतीय." मला जमिनीत जावंसं वाटलं. बूट तर आधीच जाऊन आला होता.

टोळी धारूरकडची होती. मुकादम सांगून गेला होता की परवा सकाळपर्यंत पाळ्या लागल्या नाहीत तर तो माणसं घेऊन दुसरीकडे जाईल. मी टेकाडाच्या टोकाला जाऊन, एका पायावर भार देऊन, जिथे दोन काड्या येतात तिथून सरांना फोन लावला.

"काही प्रॉब्लेम नाही," सर म्हणाले. "बॅकअप टाका."

"सर, बॅकअप कंपनीकडे असतो."

"कंपनी म्हणजे शेवटी आपण सगळेच ना?"

"म्हणजे बॅकअप नाही?"

"याकडे संधी म्हणून बघा," सर म्हणाले. तेवढ्यात मी भार दुसऱ्या पायावर दिला आणि रेंज गेली. जिल्ह्याने माझ्यावर केलेला हा पहिला उपकार.

परत आले तेव्हा मथुराबाई पट्टा बंद करून हात झटकत होत्या. मी म्हणाले की बॅकअप नाही, सगळं गेलं. त्यांनी विचारलं, "बॅकअप म्हंजी?"

"सगळ्या नोंदींची दुसरी प्रत. एक हरवली तर दुसरी."

"हात्तिच्या," त्या म्हणाल्या. "मग हाय की."

डब्यांची रांग

त्यांनी गावात निरोप धाडला: उद्या सकाळी सगळ्यांनी आपापला डबा घेऊन यायचं, दळण असो नसो. आणि पाळीप्रमाणे उभं राहायचं.

सकाळी गिरणीपासून मारुतीच्या पारापर्यंत डब्यांची रांग लागली. चौसष्ट डबे आणि प्रत्येक डब्यामागे एक माणूस. काही डबे रिकामे. काहींनी आलोच आहोत तर म्हणून ज्वारी भरून आणलेली. मी गिरणीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. मथुराबाई एकेका डब्याकडे बघत आणि सांगत: नाव, गट नंबर, किती एकर, लागवड कोणत्या महिन्याची, उसाची जात कोणती. माणसाकडे बघायच्याच नाहीत, डब्याकडे बघायच्या. एका माणसाने मध्येच दुरुस्ती केली की त्याचं क्षेत्र दोन एकर नसून तीन आहे. मथुराबाई म्हणाल्या, "डबा दोन एकराचाच हाय तुझा. गप ऱ्हा." तो गप राहिला.

मी एक नवा रकाना केला. त्याला नाव दिलं 'कारण'. आमच्या ॲपमध्ये चाळीस रकाने आहेत आणि माणसाने एखादी गोष्ट का केली हे विचारणारा एकही नाही. या रकान्यात मी लिहीत गेले: वाट नाही. लेकीचं लग्न. बाळंतपण. विहिरीचं पाणी संपलं, ऊस वाळतोय, आधी घ्या. बाजूने दळण चालूच होतं, त्यामुळे लॅपटॉपवर पीठ साचत होतं. मी फुंकर मारायची आणि पुढचं नाव घ्यायची. आजही त्याच्या दोन कळा दाबल्या की कुरकुर आवाज येतो.

एकेचाळिसाव्या डब्याशी असताना तीन पांढऱ्या गाड्या आल्या.

माझा अहवाल सरांनी मोठ्या अभिमानाने चार ठिकाणी पाठवला होता. त्यातला एक तालुक्याच्या राजकारणातल्या एका दादांपर्यंत पोचला होता. निवडणूक जवळ आलेली. तालुक्यातली सर्वांत मोठी महिला ऊस उत्पादक, सव्वाशे एकर, आणि आपल्याला माहीतही नाही? दादा शाल, नारळ आणि फ्लेक्स घेऊन आले होते. फ्लेक्सवर मथुराबाईंचा आधार कार्डावरचा फोटो एवढा मोठा केलेला की त्या चौकशीला बोलावलेल्या वाटत होत्या. वर लिहिलं होतं: प्रगतशील शेतकरी मथुराबाई यांचा भव्य सत्कार.

एका कार्यकर्त्याने रांगेकडे बघून विचारलं, "हे सगळे ताईंचे मजूर का?"

"न्हाई," आसाराम म्हणाला, "हे सगळे मिळून ताई हायेत."

मी पुढे होऊन दादांना सगळं खरं सांगितलं. चूक माझी, बाईंच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, गिरणीची जागासुद्धा भाड्याची. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. क्षणभर फ्लेक्सकडे पाहिलं, क्षणभर चौसष्ट मतदारांकडे पाहिलं. आणि मग शाल उघडली. "जमीन नसताना सव्वाशे एकर ऊस सांभाळते," ते गावाला उद्देशून म्हणाले, "ही आपल्या मातीतली नारीशक्ती!" टाळ्या पडल्या. मथुराबाईंनी शाल घेतली, नारळ घेतला आणि म्हणाल्या, "दादा, टावर तेवढा बसवा गावात." दादा म्हणाले, बघतो. मथुराबाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिव्हा. बेचाळीस."

जाता जाता दादांनी मला विचारलं, "मॅडम, पगार काय देतात तुम्हाला?" मी एव्हाना गोपनीयता सोडून दिली होती, आकडा सांगितला. दादा कार्यकर्त्याला म्हणाले, "आपला ड्रायव्हर जास्त घेतो बे."

दुपारी चौसष्टावी नोंद झाली. संध्याकाळच्या आत पहिल्या सहा पाळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी टोळी किसनआप्पांच्या शेजाऱ्याच्या वावरात उतरली आणि तिसऱ्या दिवशी आप्पांच्या. आप्पांनी मला उसाचं एक कांडं सोलून दिलं. मी लिहिलेलं वापरणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि तो ते न वापरता, डब्याच्या झाकणावर वाचून आला होता. तरीही मला रडू आलं. आप्पांना वाटलं ऊस दाताला लागला.

शुक्रवार

पुढचे दिवस मी रोज गिरणीत जात होते. एका नंबरला अनेक शेतकरी जोडता येतील अशी सोय केली. नंबर बदलायची सोयही मथुराबाईंनी सांगितलं तशी करून दिली. त्यांनी मला धपाट्यांबरोबर दही खायला शिकवलं आणि पीठ कोणत्या धान्याचं आहे ते आवाजावरून ओळखायला. दुसरं जमलं नाही.

शुक्रवार आला. बँकेला उत्तर द्यायचं होतं आणि माझं ठरलं होतं. टेकाडावर, दोन काड्यांच्या जागी उभी राहून मी मथुराबाईंना सांगितलं, "मावशी, मी इथेच राहते वर्षभर. बँकेला नाही कळवते."

"बँक किती देती?"

मी सांगितलं.

"आन हे?"

तेही सांगितलं. त्यांनी पदराने तोंडावरचं पीठ पुसलं. खाली चेहरा निघाला तो चांगलाच चिडलेला होता.

"येड लागलंय का तुमाला? काय करनार हितं ऱ्हाऊन?"

"काम आहे. शिवाय अनुभव मिळतो."

"अनुभव?" त्या म्हणाल्या. "अनुभव आमच्याकडं ढिगानं हाय, बाई. वाटून ऱ्हायलाय. पगार न्हाई. तुमी उलटं कावून करायल्यात? म्या ॲप आल्यापून ह्येच करायले, मला कुनी ॲडव्हेंचर म्हनलं न्हाई. तुमाला माघारी जायला गाडी हाय म्हनून तुमाला हौस वाटती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रथमच आलं की जी जागा भरायला मला वर्षभरासाठी पाठवत होते, ती रिकामी नव्हतीच. मी तिथूनच सरांना फोन केला आणि सांगितलं की पोस्टिंग मथुराबाईंना द्या. गावाची माहिती त्यांना, काम त्याच करतात, आणि मला देणार होता त्याच्या निम्मा पगार द्या, तरी चालेल.

"शिक्षण काय त्यांचं?" सरांनी विचारलं.

"सातवी."

"मग पगारावर घेणं अवघड आहे," सर म्हणाले. "पण आपण त्यांना डिजिटल सखीचं प्रमाणपत्र देऊ. लॅमिनेट करून."

मी मथुराबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "केवढं आसतं?" मी हाताने आकार दाखवला. त्या म्हणाल्या, "मग द्या पाठवून. मोठ्या डब्याला झाकन न्हाई."

मी बँकेला हो कळवलं. दोन काड्या होत्या, मेल लगेच गेला.

पुणे

बँकेत मला सुरक्षा विभागात घेतलं. ग्राहकांनी आपला ओटीपी कधीही, कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगू नये, हे त्यांच्या मनावर ठसवणारी यंत्रणा बनवणं हे माझं काम. कॉफी खरंच फुकट आहे आणि खरंच पाणचट आहे. पगार मात्र पहिल्या तारखेला येतो आणि बघून बरं वाटतं. मी खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या महिन्यात एकदा काचेच्या खोलीत बैठक चालू होती. दहा माणसं, समोर पडदा, पडद्यावर माझंच वाक्य: 'तुमचा ओटीपी फक्त तुमचा.' माझा मोबाइल थरथरला. ऊसतोडणी, पाळी परवा, ओटीपी. पुन्हा थरथरला. दुसरा ओटीपी. मग तिसरा. मग फोन आला. आसारामचं नाव बघून मी उचलला.

"ताई, मोबाइल पिठात पडला माझा. गेवराईला दुरुस्तीला टाकायचाय," मथुराबाई ओरडून सांगत होत्या, कारण मागे गिरणी चालू होती. "आसाराम दिसभर रेंजभायेर फिरतो, म्हनून त्याच्या मोबाइलवरून समद्यांचा नंबर बदलून तुमचा टाकला. तुमीच करून देलती की सोय. आता बी त्याच्याच मोबाइलवरून बोलायले. समद्यांच्या खोडव्याच्या पाळ्या लागल्यात, गेल्या सालच्या बुडख्यावरचा ऊस; किसनआप्पाचे आकडे सांगा पैले. दुपार व्हायलीय."

"मावशी, मी मीटिंगमध्ये आहे."

"आवो, टोळी थांबलीय."

मी खोलीभर पाहिलं. दहा माणसं माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला आणि मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून, मथुराबाईंना चारही आकडे सांगितले. मग दुसरे चार. मग तिसरे.

"झालं बगा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पगार झाला का?"

"झाला," मी म्हणाले.

"दीडपट?"

"दीडपट."

"मग घ्या आता अनुभव," मथुराबाई म्हणाल्या. "अजून एकसष्ट ऱ्हायलेत."